'सासऱ्या'तला र

"तोंड भिंतीकडं कर," शकूताई म्हणाल्या.

मी निमूटपणे खुर्ची फिरवली. समोर खताच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. एप्रिल महिना आणि वर टवटवीत कोबीचा गड्डा. पाठीमागं बटणं दाबल्याचे आवाज येत होते. शकूताई एका बोटानं टाईप करायच्या, आणि प्रत्येक बटण दारावरची बेल दाबावी तसं दाबायच्या. मग एन्टर वाजलं. मग काहीच नाही.

"काय म्हणतंय?" मी कोबीला विचारलं.

"तेच. शब्द जुळत नाही म्हणतंय."

सोमवार होता. गुरुवारी अकरा वाजता कोर्टात तारीख होती. तोपर्यंत ते जुळलं नाही, तर वनिता शेलारची सहा वर्षांची पोरगी तिच्या हातून जाणार होती. आणि ते जुळत नव्हतं त्याला कारण मी, असं मला त्या घटकेला शंभर टक्के वाटत होतं.

आता नीट सांगते. पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा कराडला बशीरभाई अत्तारांच्या कंपनीत होते. कंपनी म्हणजे बशीरभाई, मी आणि एक गळका कूलर. दवाखाने, शाळा, पतपेढ्या, कुणीही सांगावं आणि आम्ही त्यांना सॉफ्टवेअर लिहून सीडीवर घालून द्यावं, असा धंदा. शकूताई बाबर पाटणला बायकांसाठी सल्ला केंद्र चालवायच्या. भांड्यांच्या दुकानावर दोन खोल्या, बाहेरून दगडी जिना. नवऱ्यानं टाकलेल्या, सासरी मार खाल्लेल्या बाया तिथं यायच्या. शकूताई त्यांचं सगळं लिहून घ्यायच्या.

पूर्वी ते रजिस्टरात लिहायच्या. एकदा केंद्रातल्याच एका कार्यकर्तीच्या नवऱ्यानं दोन मिनिटांसाठी म्हणून कपाटाची किल्ली मागितली. आपलाच माणूस म्हणून शकूताईंनी दिली. चार दिवसांत एका बाईनं केंद्रात काय काय सांगितलं ते तिच्या सासरी अक्षरनअक्षर पोचलं. ती बाई पुन्हा कधी आली नाही. तिचं पुढं काय झालं ते शकूताई सांगत नसत, आणि मी विचारलं नाही.

म्हणून त्या आमच्याकडं आल्या होत्या. "मला असं कपाट करून दे," म्हणाल्या, "ज्याची किल्ली मागायची कुणाची टाप नाही."

मी करून दिलं. म्हणजे कुलूप काही मी घडवलं नव्हतं. जगभरच्या हुशार लोकांनी मिळून लिहिलेली एक फुकटची लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा संच, होती. माहिती कुलूपबंद करण्याचं सगळं गणित तिच्यात. मी फक्त ती आमच्या प्रोग्रॅमला जोडली, आणि शकूताईंना खुर्चीत बसवून मोठ्या ऐटीत सांगितलं, "ताई, पासवर्ड असा ठेवा, जो रोज तुमच्या डोळ्यांसमोर आहे पण दुसऱ्याच्या मनात येणार नाही. त्यात एखादा आकडाही असू द्या. आणि तो कुणाला सांगायचा नाही. उद्या ही हेमा जंगम येऊन मागायला लागली तरी नाही."

शकूताई त्याला पासवर्ड म्हणायच्या नाहीत. शब्द म्हणायच्या. 'शब्द दिला' म्हणतो त्यातला शब्द.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग त्या चैत्रात वळीव झाला, वीज पडली, आणि केंद्राचा संगणक जळाला. माहितीचं काही बिघडलं नव्हतं. शकूताई दर शनिवारी तिची सीडी काढून घरी तांदळाच्या डब्यात ठेवायच्या. नवा संगणक आला, त्यावर आमचा प्रोग्रॅम घातला, आणि तो उघडेचना. अमुक नावाची फाईल सापडत नाही म्हणाला.

ही चूक माझीच. कुलपाची लायब्ररी माझ्या संगणकावर दुसऱ्याच कुठल्या प्रोग्रॅमनं आधीच आणून टाकली होती, म्हणून माझ्याकडं सगळं गुण्यागोविंदानं चालायचं. सीडीत ती घालायला मी विसरलेच होते. जुन्या संगणकावरही योगायोगानं ती होती, म्हणून इतके दिवस माझं पितळ उघडं पडलं नव्हतं. सोमवारी सकाळच्या एसटीनं मी ती लायब्ररी घेऊन पाटणला गेले. प्रोग्रॅम उघडला. शकूताईंनी शब्द टाकला. आणि मघाशी सांगितलं ते झालं.

"शब्द विसरला तर नाहीत ना, ताई?"

शकूताईंनी चष्म्यावरून माझ्याकडं असं पाहिलं, की मी प्रश्न परत गिळला.

वनिता दारात उभी होती. मोरणेकडच्या एका वाडीची, तिशीच्या आतली, बोलायला अगदी कमी. दोन वर्षांपूर्वी ती याच दारात उभी राहिली होती ती उजवा हात पदरात बांधून आणि डाव्या कडेवर पोरगी घेऊन. सासऱ्यानं हात पिरगाळून मोडला होता. दवाखान्याचा कागद सासरच्यांनी चुलीत घातला. उरला होता तो शकूताईंनी त्याच दिवशी काढलेला हाताचा फोटो, तारखेसकट, आणि वनितानं सांगितलेली हकीकत. दोन्ही माझ्या कपाटात बंद. सासरचे कोर्टात सांगत होते की बाई डोक्यानं फिरलेली आहे, कुणी बोट लावलेलं नसताना घर सोडून गेली, नात आमच्या ताब्यात द्या.

"उघडंल का हो मॅडम?" वनितानं विचारलं.

"उघडेल की," मी म्हणाले.

परत येताना एसटीत एक गोष्ट डोक्यात आली आणि जरा हायसं वाटलं. मी घाईत लायब्ररीची नवी आवृत्ती उचलून नेली होती. जुन्या कुलपाला नवी किल्ली कशी लागणार? मंगळवारी सबंध दिवस घालवून मी दोन वर्षांपूर्वीची आवृत्ती शोधून काढली, तेव्हाचीच सगळी मांडामांड करून प्रोग्रॅम पुन्हा बांधला. माझ्या पासवर्डनं कुलूपबंद केलेलं सगळं फटाफट उघडत होतं. जुन्या लायब्ररीनं उघडलं. गंमत म्हणजे नव्या लायब्ररीनंही उघडलं! तिथंच माझा धीर सुटला. म्हणजे आवृत्तीचा दोष नव्हताच.

बशीरभाई शांत माणूस. चहा ओतता ओतता म्हणाले, "लायब्ररी बरोबर, फाईल बरोबर. मग राहिलं काय?"

"शब्द."

"विचार त्यांना."

मी फोन लावला. शकूताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हेमा, मागू नकोस बाई. तुला नाही म्हणायची मला लाज वाटंल, आणि हो तर मी म्हणणार नाही. वनिता एकटी नाही त्या कपाटात. एकशे ब्याऐंशी बाया आहेत."

फोन ठेवला. बशीरभाईंनी कपबशी माझ्यापुढं सरकवली. "मग प्रोग्रॅममध्ये दोन ओळी घाल. त्या जे टाईप करतील ते गुपचूप एका फायलीत उतरवून ठेवायचं. बघायचं कुठं अडतंय, आणि फाईल पुसून टाकायची."

"बशीरभाई, ही चोरी झाली."

"चोरी कसली? डॉक्टर तपासताना पदर बाजूला करायला सांगतोच की."

"विचारून सांगतो."

"बरं, मग विचार."

"त्या नाहीच म्हणणार."

"मग पोरगी गेली, हेमा," बशीरभाई म्हणाले. आवाज चढवून नाही. त्यांना स्वतःला तीन मुली होत्या.

त्या दोन ओळी मी लिहिल्या. माझ्या हातानं लिहिल्या, बशीरभाईंनी नव्हे. बुधवारी सकाळी पाटणची एसटी धरली तेव्हा पिशवीत दोन सीड्या होत्या. एकीवर जुन्या लायब्ररीचा साळसूद प्रोग्रॅम. दुसरीवर तोच, दोन ओळी जास्तीचा. दुसऱ्या सीडीवर मी काहीच लिहिलं नव्हतं.

जिन्यात वनिता आणि तिची पोरगी बसल्या होत्या. पोरीचं नाव ऋतुजा, पण सगळे गुड्डी म्हणायचे. शकूताई वरून म्हणाल्या, "ये, त्यांना ओलांडून ये. बाया आधी तिथंच बसतात. खालून वर यायला कुणाला तास लागतो, कुणाला वर्ष. मी कधी हाक मारत नाही."

पहिली सीडी घातली. मी भिंतीकडं तोंड केलं, कोबी पाहिला, बटणं ऐकली. शब्द जुळत नाही.

मग मी दुसरी सीडी काढली.

"ह्यात काय वेगळं आहे गं?" शकूताईंनी सहज विचारलं. चहा गाळत होत्या. संशय म्हणून नाही. माझ्या कामाचं त्यांना कौतुक होतं, काही नवीन केलं की विचारायच्या. "तुझं बरं असतं. काय करतेस ते मला ओ का ठो कळत नाही, पण तू सांगितलेलं मी एकूणएक पाळते. गेल्या वर्षी आमचे अध्यक्ष रागावले, शब्द द्या म्हणून. म्हटलं, खुद्द करणारणीला दिला नाही, तर तुम्ही कोण?"

सीडी माझ्या बोटांत होती. तोंडात येईल ते सांगता आलं असतं. लायब्ररीचं एखादं लांबलचक नाव फेकलं असतं, तर शकूताईंनी मान हलवली असती आणि एका बोटानं आपला शब्द माझ्या फायलीत टाईप केला असता. मी खाली जिन्याकडं पाहिलं. गुड्डी आईच्या वाकड्या जुळलेल्या हातावर डोकं ठेवून बसली होती. देवाशपथ सांगते, इतकी लाज आणि इतकी भीती एकाच वेळी मला आयुष्यात पुन्हा वाटली नाही.

"काही नाही," मी म्हणाले, "चुकीची सीडी आणली." आणि ती परत पिशवीत घातली.

शकूताईंनी गाळणं बाजूला ठेवलं. मग चहा देत म्हणाल्या, "असू दे. आपण अर्ज लिहू. फोटो नाही तर नाही, मला जे आठवतं ते मी शपथेवर सांगीन. वनिताच्या वकीलबाई म्हणतात आठवणीवर कोर्ट चालत नाही. पण गप्प तरी कसं बसायचं?"

अर्ज टाईप करायला मी बसले. शकूताई म्हणाल्या, "पोलीस ठाण्याला तेव्हा एक पत्र दिलं होतं. त्यात नावं नाहीत, म्हणून ते कुलपात नाही आणि पुरावा म्हणूनही चालणार नाही. तांदळाच्या डब्यातल्या सीडीत बघ. सगळ्या पत्रांची एकच लांब फाईल आहे. 'सासऱ्याने हात पिरगाळला' असं वाक्य आहे त्यात, तेवढं उचल."

फाईल उघडली. चाळीस पानं. मी शोधायच्या चौकटीत 'सासऱ्याने' असं टाईप केलं. संगणक म्हणाला, असा शब्द या फायलीत नाही.

"नाहीये ताई."

"नाहीये कसं? अगं, आमच्याकडच्या पत्रात सासरा नाही असं होईल का? पहिल्याच पानावर आहे बघ!" त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं.

खरंच होता. तिसऱ्या ओळीत ठळठळीत. 'सासऱ्याने घराबाहेर काढले.' मी पुन्हा शोधलं. नाही. 'घराबाहेर' शोधलं. लगेच सापडलं. 'सासरा' सापडला. 'सासऱ्याने' मात्र नाही. माझा चहा तसाच निवत होता.

आम्हाला चौथीत फडणीस बाईंनी शिकवलं होतं. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. एकात र डोक्यावर जातो, दुसऱ्यात तो आडवा होऊन पुढच्या अक्षराला चिकटतो. हा आडवा र हिंदीला लागत नाही, आपल्याला मात्र घासागणिक लागतो. आणि संगणकाच्या पोटात तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. शकूताईंच्या जुन्या संगणकावर मराठी टाईप करायची जी सोय होती ती एका तऱ्हेनं लिहायची, नव्यावरची दुसऱ्या. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. बाहेरदेशी लिहिलेल्या त्या लायब्ररीला सासरा काय नि दर्या काय! तिला दिसत होते दोन वेगळे शब्द. शकूताई बरोबर तेच लिहीत होत्या, आणि लायब्ररी बरोबर नाही म्हणत होती. काखेत कळसा आणि मी तीन दिवस कराड-पाटण वळसे घालत होते.

मी उठून उभीच राहिले. "ताई, एकच विचारते. शब्द सांगू नका. फक्त एवढं सांगा, त्यात 'सासऱ्या'तला र आहे का?"

शकूताईंनी कपबशी खाली ठेवली. "हे सांगितलं तर त्याचा एक कोपरा तुझ्या हातात येतो."

"येतो."

"तेवढा पुरेल?"

"उघडायला पुरेल."

त्यांनी दाराबाहेर पाहिलं. मग म्हणाल्या, "आहे."

मी कागदावर लिहून दिलं, तो र जुन्या तऱ्हेनं उमटवायला कुठली चार बटणं कुठल्या क्रमानं दाबायची ते. आणि न सांगता खुर्ची भिंतीकडं फिरवली. बटणं वाजली. एक चुकलं, शकूताई "आगं आई" म्हणाल्या, खोडलं, पुन्हा सुरुवात. एन्टर.

मी कोबीची पानं मोजायला लागले.

"ताई?"

"थांब जरा," शकूताई म्हणाल्या. "सगळ्या आहेत गं. सगळ्या आहेत."

फोटो छापून निघाला तो मी पाहिला नाही. वनिता वर आली, तिनं पाहिला, आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. रडली नाही. म्हणाली, "केवढा सुजला होता नव्हं? मीच इसरले होते." मग कागद पदराखाली घेतला आणि वकीलबाईंकडं द्यायला म्हणून निघाली. मलाही एसटी गाठायची होती. आम्ही तिघी बरोबरच बाहेर पडलो.

गुड्डी पुढं. दोन्ही पाय जुळवून एकेका पायरीवर उड्या मारत होती. "एक! दोन! तीन!"

मी हसत मागून उतरत होते. चौथ्या पायरीवर माझं हसू थांबलं.

रोज डोळ्यांसमोर आहे पण दुसऱ्याच्या मनात येणार नाही. त्यात एक आकडा. आणि त्यात 'सासऱ्या'तला र.

"पाच! सहा! सात!"

"गुड्डे!" मी अशी ओरडले की वनिता दचकली. "गुड्डे, तुला पाढे येतात का गं?"

"दोनचा येतो!"

"मग म्हण बघू! मोठ्यानं! पायऱ्या न मोजता, पळत पळत!"

"बे एके बे! बे दुणे चार!" करत पोरगी धडाधडा खाली गेली. मी जिन्याकडं न बघता समोरच्या भांड्यांकडं बघत उतरले, आणि खाली पोचल्यावर तिला एक लिमलेटची गोळी घेऊन दिली. ती बिननावाची सीडी एसटी स्टँडवर मोडून कचऱ्यात टाकली. बशीरभाईंना सांगितलं की ती लागली नाही. ते म्हणाले, "बरं झालं," आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. दोन्ही तऱ्हेचे र ओळखणारा प्रोग्रॅम मी त्याच आठवड्यात बांधून पाठवला.

कोर्टानं पोरगी आईकडंच ठेवली. ती आता कराडला नर्सिंग शिकते.

पाटणला मी अजून जाते. केंद्र तिथंच आहे, शकूताईंनी सत्तरी गाठली आहे, आणि तो जिना मी प्रत्येक वेळी बे एके बे म्हणत चढते. गेल्या दिवाळीनंतर गेले तेव्हा आम्ही दोघी चहा पीत बसलो होतो. शकूताई म्हणाल्या, "हेमा, इतक्या वर्षांत तुला कधी कळला का गं तो शब्द?"

"नाही."

"खरं?"

"खरं. सातापर्यंत आला होता. पुढं मी येऊ दिला नाही."

शकूताईंनी माझ्याकडं पाहिलं. दाराबाहेर जिन्याकडं पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडं. हळूहळू त्यांचे डोळे भरले, आणि मग त्या अशा हसत सुटल्या की चष्मा काढून पुसावा लागला. हसू ओसरल्यावर त्या उठल्या, संगणकापुढं जाऊन बसल्या आणि चष्मा चढवला.

"तोंड भिंतीकडं कर," त्या म्हणाल्या. "बदलते."

मी खुर्ची फिरवली. कॅलेंडरवर या खेपेस दुधी भोपळा होता.